वाचकांचे प्रश्न : आर्मेनियातील नागरी स्वातंत्र्य

प्रश्न : माझी पुतणी वैद्यकीय शिक्षणासाठी आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला आहे. तेथे सरकारविरोधी मोर्चे निघतात, असे ती फोनवर सांगते. सोलापूरने 1930 साली मार्शल लॉ सोसलेला असल्यामुळे असे काही कानावर आले की घरातील वडीलधारी माणसे धास्तावतात. त्या देशात लोकांना बोलण्याचे आणि रस्त्यावर उतरण्याचे स्वातंत्र्य खरोखर आहे का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आहे, आणि शेजारच्या अझरबैजानशी ताडून पाहिले तर बरेच आहे, मात्र ते जुने नाही आणि पुरते रुजलेलेही नाही. 1991 मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडल्यावर तेथे निवडणुका होत राहिल्या, पण निकालांवर लोकांचा विश्वास बसेना. 2008 च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर मतमोजणीत गैरप्रकार झाल्याचा आरोप करत लोकांनी येरेवानच्या चौकात ठाण मांडले, तेव्हा 1 मार्च रोजी त्यांना पांगवताना झालेल्या हिंसाचारात 10 जणांचा जीव गेला, 20 दिवसांची आणीबाणी पुकारण्यात आली आणि राजकीय घडामोडींविषयी सरकारी माहितीखेरीज काहीही छापू नये, असे बंधन वृत्तपत्रांवर आले. अशा हुकुमाखाली शहर कसे जगते, हे चार हुतात्म्यांच्या गावाला वेगळे सांगायला नको.

चित्र पालटले ते 2018 मध्ये. 10 वर्षे अध्यक्ष राहिलेले सेर्झ सार्ग्स्यान हे राज्यघटना बदलून घेऊन त्या वर्षी 17 एप्रिलला पंतप्रधानपदी बसले, आणि ग्युमरी शहरापासून राजधानीपर्यंत पायी आलेले विरोधी नेते निकोल पाशिन्यान यांच्यामागे लोक लोटले. मोटारी आडव्या लावून रस्ते अडवले गेले. लहान मुलांनी तर आपल्या खेळण्यातल्या गाड्या रस्त्यावर ओळीने मांडून वाहतूक थांबवली, आणि रात्री घरोघरच्या खिडक्यांतून भांडी वाजू लागली. गोळी न चालता 23 एप्रिलला सार्ग्स्यान यांनी राजीनामा दिला आणि पुढे पाशिन्यान पंतप्रधान झाले. आपली पुतणी आज जे मोर्चे पाहते, ते निर्धास्तपणे निघतात याचे मोठे श्रेय त्या एप्रिल महिन्याला आहे.

पुढचा भाग मात्र मला अस्वस्थ करतो. 2020 मध्ये नागोर्नो-काराबाख या वादग्रस्त प्रदेशावरून अझरबैजानशी 44 दिवसांचे युद्ध पेटताच लष्करी कायदा लागू झाला आणि सरकारवर टीका करणाऱ्या मजकुराला काही काळ बंदी आली. युद्धाच्या धामधुमीत असे घडते, असे एकवेळ म्हणता येईल. पण पराभवानंतर, 2021 मध्ये, ‘गंभीर अपमान’ हा फौजदारी गुन्हा ठरवण्यात आला, याचे समर्थन कसे करायचे? पाशिन्यान हे स्वतः पत्रकार, 2008 च्या आंदोलनानंतर तुरुंगवास भोगलेले. त्यांच्याच कारकिर्दीत हे व्हावे, याचे वाईट वाटते. 2022 मध्ये नवी दंडसंहिता आली आणि त्यातून हे कलम वगळले गेले, हे चांगले झाले. 2025 मध्ये त्यांचे कडवे विरोधक आर्चबिशप बग्रात गल्स्तान्यान यांना सत्ता उलथवण्याच्या कटाच्या आरोपाखाली अटक झाली. आरोप खरा की खोटा, हे न्यायालयाने सरकारच्या दबावाशिवाय ठरवावे, यातच त्या देशाची खरी कसोटी आहे, कारण 2008 च्या मृत्यूंबाबत माजी अध्यक्ष रॉबर्ट कोचार्यान यांच्यावर भरलेला खटलाही 2021 मध्ये घटनात्मक न्यायालयाने ज्या कलमाखाली तो भरला होता ते कलमच रद्द केल्यामुळे बारगळला आणि मृतांच्या नातेवाइकांना न्याय मिळालाच नाही. पुतणीला एवढेच सांगावे की मोर्चा दुरून पाहावा, त्यात सामील होऊ नये; ती तेथे परदेशी विद्यार्थिनी म्हणून राहते आहे.

प्रश्न : विडी कामगार महिलांमध्ये काम करताना नवऱ्याच्या मारहाणीच्या तक्रारी आमच्याकडे सतत येतात आणि आम्ही कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याच्या आधारे अर्ज लिहून देतो. आर्मेनियात स्त्रियांना असा आधार आहे का?
— एक कार्यकर्ती, कुंभारी

उत्तर : ताई, तेथे तो आपल्यापेक्षा 12 वर्षे उशिरा आला. डिसेंबर 2017 मध्ये कायदा संमत होताना ‘यामुळे घरे मोडतील, ही परदेशी खुळे आहेत’ असा गदारोळ उठला आणि कुटुंबात पुन्हा सलोखा घडवून आणणे हादेखील कायद्याचा एक हेतू म्हणून शीर्षकातच घालावा लागला. याचा अर्थ आपल्याला नेमका कळेल : अंगावर वळ घेऊन आलेल्या बाईला पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न ‘मिटवून घेता का’ हाच विचारला जातो. तरीही त्या कायद्याने मारहाण करणाऱ्याला 20 दिवसांपर्यंत घराबाहेर ठेवण्याचा अधिकार पोलिसांना दिला आणि न्यायालयाला त्याहून दीर्घ मुदतीचा संरक्षण आदेश देता येऊ लागला. 2024 मध्ये दुरुस्ती होऊन सलोख्याचा उल्लेख गेला आणि लग्न न करता सोबत राहणाऱ्या जोडीदारांनाही संरक्षण मिळाले. स्त्रियांवरील हिंसाचारासंबंधीच्या इस्तंबूल करारावर आर्मेनियाने 2018 मध्ये सही केली, पण संसदेची मंजुरी अडून राहिली, कारण चर्च आणि परंपरावादी गट त्याच्या विरोधात उभे ठाकले.

मुलगाच हवा, हा हट्टही तेथे आपल्याइतकाच जुना आहे. सोव्हिएत काळानंतर सोनोग्राफी यंत्रे गावोगावी पोहोचली आणि दर 100 मुलींमागे जन्मणाऱ्या मुलग्यांची संख्या 115 च्या आसपास गेली. निसर्गतः ती 105 च्या जवळपास असते. तिसऱ्या अपत्याच्या बाबतीत तफावत आणखी मोठी होती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्येच कायदा केला होता, आर्मेनियाने लिंगनिवडीच्या गर्भपातावर 2016 मध्ये निर्बंध आणले. त्यानंतर तेथील प्रमाण सुधारले आहे. केवळ कायद्यामुळे नव्हे, जनजागृतीचाही त्यात वाटा आहे, असे मला वाटते. आपण अर्ज लिहून देता, त्याबरोबर घरोघरी जाऊन बोलणेही चालू ठेवावे.

प्रश्न : आर्मेनियात सैन्यसेवा सक्तीची आहे. शस्त्र हाती धरणे ज्याच्या श्रद्धेत बसत नाही, त्याने काय करायचे?
— एक विद्यार्थी, होटगी रस्ता

उत्तर : पूर्वी अशा तरुणांना सरळ तुरुंगात जावे लागे, आणि त्यांत शस्त्र धरणे नाकारणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे तरुण बहुसंख्य होते. 2001 मध्ये युरोप परिषदेत प्रवेश घेताना आर्मेनियाने पर्यायी सेवेचे वचन दिले, 2003 मध्ये कायदाही केला, पण ती सेवा लष्कराच्या देखरेखीखालीच ठेवल्यामुळे अनेकांनी ती नाकारली. अखेर 7 जुलै 2011 रोजी ‘बयात्यान विरुद्ध आर्मेनिया’ या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सद्सद्विवेकाने सैन्यसेवा नाकारणे हा विचार व धर्मस्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले. 2013 मध्ये कायदा सुधारला गेला, कैदेतील तरुण सुटले, आणि आज असा तरुण अर्ज मंजूर झाल्यास लष्कराशी संबंध नसलेल्या नागरी संस्थेत काम करू शकतो. मात्र 2013 च्या त्या सुधारणेनुसार सैनिकाची सेवा 24 महिन्यांची असताना त्याला 36 महिने द्यावे लागत. असा जादा काळ लादणे मला अन्यायाचे वाटते.