चुलीवरचा देव आणि काचेतला आंबा

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी चीनमध्ये तिआनजिनला असतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडे होतो. त्यांच्या नववर्षाच्या आठवडाभर आधी शेजारच्या आजींनी स्वयंपाकघरातलं देवाचं कागदी चित्र काढलं, देवाच्या ओठांना मध लावला आणि चित्र चक्क जाळलं! मलाही एक नवं चित्र दिलं. कम्युनिस्टांनी चीनमधला देवधर्म संपवला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मग हे काय? आणि ते चित्र आमच्या ओट्यापाशी लावलं तर चालेल का? यांनी लॅमिनेट करून आणलंय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आजींनी जाळला तो त्साओ-वांग, चुलीचा देव. हा वर्षभर शेगडीच्या वर भिंतीवर बसून घरात कोण काय बोललं, कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं बघतो. उत्तर चीनमध्ये बाराव्या चांद्र महिन्याच्या तेविसाव्या दिवशी तो वर जातो आणि स्वर्गाच्या सम्राटाला घरची खबर देतो. म्हणून निघण्याआधी तोंड गोड. काही घरांत मधाऐवजी दातांना चिकटणारी मिठाई ठेवतात, म्हणजे तोंड उघडायलाच नको.

आता 'संपवला' म्हणजे काय ते बघू. १९४९ नंतरच्या कम्युनिस्ट सरकारने बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एवढे पाच धर्म मानले आणि प्रत्येकाची आपल्या देखरेखीखाली संघटना काढली. तुमच्या आजींचा देव या पाचांत कुठेच बसत नाही. चूल, पितर, गावची देवी, भविष्य सांगणारा, अंगात येणारी बाई, या सगळ्यांसाठी एकच शब्द होता: मीशिन, म्हणजे अंधश्रद्धा. पाच धर्मांकडे निदान सरकारी कागद होता, मीशिनकडे तोही नाही.

गंमत अशी, की १९२७ साली हूनान प्रांतातल्या शेतकऱ्यांवरच्या अहवालात खुद्द माओने लिहिलं होतं, की देव शेतकऱ्यांनीच मांडलेत, वेळ आली की तेच आपल्या हातांनी काढून टाकतील, दुसऱ्यांनी त्यात घाई करू नये. त्याची आई बुद्धाची भक्त होती. पण १९६६ च्या ऑगस्टमध्ये, माओच्याच सांस्कृतिक क्रांतीत, शाळा-कॉलेजातली रेड गार्ड पोरं 'चार जुन्या गोष्टी' फोडायला रस्त्यावर आली, तेव्हा हा अहवाल कोणाला आठवला नाही. जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या चालीरीती, जुन्या सवयी, या त्या चार. त्या वर्षी बीजिंगमधून गेलेल्या पोरांनी छूफू या कन्फ्यूशियसच्या गावी जाऊन त्याची कबरसुद्धा खणली. १९६७ साली तर नववर्षाची सुट्टीच रद्द झाली.

मी नव्वदच्या दशकात बीजिंगमध्ये भाषा शिकत होते. आमच्या बाई व्याकरणाच्या बाबतीत फार कडक, एक स्वर चुकला तर दहादा म्हणायला लावत. त्यांच्या घरी एकदा जेवायला गेले, तर शेगडीच्या वर भिंतीवर फिकट चौकोन दिसला. विचारल्यावर त्यांनी हातातली लाटी खाली ठेवली. म्हणाल्या, ''सहासष्टमध्ये आईने स्वतःच सगळं जाळलं. पोरं घरात शिरायच्या आत. पितरांच्या नावांच्या लाकडी पाट्या कोयत्याने फोडल्या आणि त्याच चुलीत घातल्या. त्या रात्रीचा भात त्यावरच शिजला.'' मग तिथे माओचा फोटो लागला. सकाळी त्याच्यासमोर उभं राहून दिवसभराची आज्ञा मागायची, संध्याकाळी काय केलं ते सांगायचं. ''त्साओ-वांग वर्षातून एकदा विचारायचा, हा दिवसातून दोनदा,'' असं म्हणून बाई पुन्हा पोळी लाटायला लागल्या.

पुढची गोष्ट आंब्याच्या देशातल्या माणसाला सांगायलाच हवी. ऑगस्ट १९६८ मध्ये पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी माओला आंब्यांची पेटी भेट दिली. माओने ते आंबे स्वतः न खाता छिंगह्वा विद्यापीठात तळ ठोकलेल्या कामगारांना पाठवले. त्यातल्या बहुतेकांनी जन्मात आंबा पाहिला नव्हता. एकेक आंबा एकेका कारखान्यात वाजतगाजत गेला. मेणाच्या प्रतिकृती काचेच्या पेट्यांत बसल्या, लोक पुढे येऊन वाकू लागले. एका कापड कारखान्यातला खरा आंबा नासायला लागला, तेव्हा त्याचा गर मोठ्या भांड्यात पाणी घालून उकळला आणि प्रत्येकाला चमचा चमचा पाजला. हे माओच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय. आपण याला तीर्थ म्हणतो. तिथे त्याला मीशिन म्हणायची कोणाची छाती नव्हती.

माओ १९७६ मध्ये गेला. १९५६ साली त्याने इतर नेत्यांबरोबर दहनाच्या प्रतिज्ञेवर सही केली होती, तरी त्याचा देह आजही तिआनानमेन चौकात काचेत आहे. नववर्षाची सुट्टी १९८० साली परत आली, पितरांच्या कबरी झाडायच्या छिंगमिंग सणाची २००८ मध्ये. समुद्रदेवी मात्सू एके काळी मीशिन होती, २००९ पासून तिची उपासना युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. देवी तीच, फाइल बदलली.

पण आजींची चूल बघून चीनमध्ये आता सगळं मोकळं आहे, असं सांगलीत सांगत सुटू नका. पक्षाच्या सभासदाला आजही धर्म पाळायला बंदी आहे. फालुन गोंग या ध्यान-व्यायाम करणाऱ्या पंथावर १९९९ साली बंदी आली, ती त्यांचे दहाएक हजार लोक नेत्यांच्या निवासापाशी गुपचूप येऊन उभे राहिल्यावर तीनच महिन्यांत. २०१४ पासून चच्यांग प्रांतात हजाराहून जास्त चर्चांवरचे क्रॉस उतरवले गेले. दलाई लामांनी १९९५ साली पंचेन लामा, म्हणजे तिबेटी बौद्धांचे त्यांच्या खालोखालचे धर्मगुरू, म्हणून मान्यता दिलेला सहा वर्षांचा मुलगा त्यानंतर जगाला दिसलेला नाही. वायव्येकडच्या शिनच्यांगमध्ये २०१७ पासून उइगुर मुसलमान छावण्यांत कोंडले गेले, त्यात दाढी किंवा नमाज हेही कारण पुरलं. माझं मत विचाराल, तर सत्तेला देवाची भीती नाही, देवाभोवती जमणाऱ्या माणसांची आहे. चुलीच्या देवाभोवती जमून जमून किती जमणार? आजी, सून आणि मांजर.

राहिलं तुमचं चित्र. खुशाल लावा, फक्त फोडणी उडणार नाही इतक्या अंतरावर. पण ते लॅमिनेशन सोडवता आलं तर बघा. या देवाला दर वर्षी जळून वर जावं लागतं. प्लॅस्टिकमध्ये अडकला, तर तुमच्या घरची खबर वर जायचीच नाही. आता ते सोयीचं वाटत असेल, तर राहू द्या.