स्पिटफायरचा आतला भाग गावात राहून कसा दुरुस्त करायचा?

भाऊ, यवतमाळकडच्या गोठ्यात पडून असलेली १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, सीटा उंदरांनी खाल्लेल्या, आणि पार्ट कुठून आणायचे, असा तुमचा प्रश्न. घाबरू नका. स्पिटफायर ही ट्रायम्फ हेराल्डवरच बेतलेली गाडी आणि हेराल्ड आपल्याकडे मद्रासमध्ये स्टँडर्ड नावाने बनत होती. म्हणून आतली हँडलं, छोटंमोठं काही लागलं तर आधी जुन्या हेराल्डचं सामान जुळवून पाहा. जुन्या पार्टचे बाजार म्हणजे मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी. जाताना जुना तुकडा पिशवीत घ्या. नुसता फोटो दाखवला तर दुकानदार भलतंच देतात. कार्पेटचा सेट आणि सीटकव्हर मात्र इंग्लंडात आजही नवे बनतात, तेवढेच मागवा. कस्टम ड्युटी आधी विचारून ठेवा.

शिवणकामाला नागपूर गाठायची गरज नाही. ट्रॅक्टर-जीपच्या सीटा शिवणारा तालुक्याचा कुशनवाला हे काम करतो, फक्त जुनं कव्हर फाडू नका, उसवा. तेच त्याचं माप. फोम बसवण्याआधी लोखंडी चौकटीचा गंज घासून प्राइमर मारा. रेक्झिन जाड घ्या, आणि गाडी सावलीत ठेवा. आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशात काळा डॅशबोर्ड पापडासारखा तडकतो. डॅशबोर्डच्या लाकडी पट्टीला सुतार पुरेल.