ट्रकमालकाचे 2 लाख घेऊ नका, आधी वही शोधा

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. इंदापूरजवळ ट्रकने मागून ठोकलं, दादा जागीच गेले. वय 34. मागे वहिनी, दोन लहान मुलं आणि आई. गॅरेजमधून महिना 20 हजार सुटायचे, पण आयकर रिटर्न कधी भरलेलं नाही. आणि आता दीड महिन्यानंतर ट्रकमालकाचा माणूस 2 लाख घेऊन आलाय, 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून मागतोय.

सही करू नका. वहिनींनाही आजच सांगा, कोऱ्या कागदावर, स्टँपवर, कशावरच नाही.

माझे मिस्टर 2016 साली असेच गेले, टेम्पोने उडवलं. आमच्याकडेही तेराव्याच्या आधीच माणूस आला होता. सासरे म्हणाले, मेलेल्या माणसाचे पैसे काय मोजायचे, मिटवून टाका. त्यांचं दुःख मला कळत होतं, तरी मी नाही म्हटलं. हे पैसे माणसाची किंमत म्हणून मिळत नसतात. तो असता तर घरात जे आलं असतं, त्याची ती भरपाई असते आणि तिच्यावर मुलांचा हक्क असतो. शिवाय थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. ट्रकचा विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते, मालकाच्या खिशातून जात नाही.

आता हिशोब. एमएसीटी, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, रक्कम मनाने ठरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे 2009 चा सरला वर्मा आणि 2017 चा प्रणय सेठी हे दोन निकाल कोर्टात रोज ऐकाल, सगळं गणित त्यांवर चालतं. दादांचं उत्पन्न महिना 20 हजार धरलं तर स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे, झाले 28 हजार. अवलंबून असलेले चौघे, म्हणून दादांचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा. राहिले 21 हजार. वर्षाचे 2 लाख 52 हजार. याला वयावरून ठरलेल्या गुणकाने गुणायचं, 31 ते 35 वयाला तो 16. म्हणजे 40 लाख 32 हजार. शिवाय पत्नी, मुलं आणि आई यांना सहवास गमावल्याबद्दल प्रत्येकी 40 हजार, अंत्यविधीचे 15 हजार आणि संपदेच्या हानीचे, म्हणजे मागे राहिली असती त्या मिळकतीच्या नुकसानीचे, 15 हजार, या रकमांत दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ. अर्ज केल्यापासूनचं व्याज वेगळं.

आता तोच हिशोब उत्पन्न 12 हजार धरून करा. 24 लाख 19 हजार येतात. मधले 16 लाख गेले कुठे? कागद नव्हता, तिथे गेले. पुरावा नसला की न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरतं.

म्हणून म्हणते, गॅरेजचं शटर उघडा आणि वही शोधा. माझ्या मिस्टरांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. ड्रॉवरमध्ये एक लाल वही होती, ग्रीसचे अंगठे उमटलेली. '5 एचपी, तार 2 किलो, मळ्यातली मोटार, बाकी 700' अशा नोंदी. कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत मला विचारलं, ही वही त्यांचीच कशावरून? मी अक्षर ओळखते म्हटलं, पण तेवढ्याने भागलं नसतं. तांब्याची तार जिथून घ्यायचे त्या दुकानदाराने साक्षीला येऊन स्वतःची बिलबुकं दाखवली. वहीतली तारीख आणि बिलातली तारीख जुळली. कंपनी 6 हजारांवर अडून बसली होती, कोर्टाने 14 हजार धरले. त्या दुकानदाराचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्याकडे स्पेअरपार्टवाल्याची बिलं असतील, फोनपेचे व्यवहार, बँकेचं पासबुक, दुकानभाड्याची पावती, शॉप अॅक्टचा दाखला, गाडीच्या कर्जाचे हप्ते, मुलांच्या फीच्या पावत्या. हप्ते आणि फी नियमित भरली जात होती म्हणजे कमाई होती, हे दाखवता येतं. दादांचा मोबाईल कुणाला देऊ नका, सिम बंद पडू देऊ नका. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला काढा. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलंय, आणि वय एका वर्षाने इकडचं तिकडे झालं तरी गुणक बदलू शकतो.

पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, पीएम रिपोर्ट आणि कॉम्प एए फॉर्म, म्हणजे दाव्यासाठी पोलीस देतात तो अपघाताच्या माहितीचा फॉर्म, घ्या. ट्रकचं आरसी, पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स यांच्या प्रतीही. लायसन्स नसलं तरी खचू नका. अशा वेळी कंपनीने आधी भरायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं, असे आदेश होतात. ड्रायव्हर फौजदारी खटल्यात सुटला म्हणून आपला दावा आपोआप पडत नाही, तिथे पुराव्याची कसोटी वेगळी असते. हेल्मेट नव्हतं म्हणून तुम्ही घाबरलाय, पण मागून आलेल्या ट्रकने धडक दिली ती हेल्मेट नव्हतं म्हणून नाही. कंपनी हा मुद्दा काढेल, तुमच्या वकिलाने त्याला उत्तर द्यायचं.

मुदत मात्र पाळा. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमाने अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर थांबू नका. पोलिसांनी पाठवलेला अहवालही अर्ज म्हणून घेता येतो, तरी आपला अर्ज आपण करावा. अपघात पुणे जिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही बार्शीला राहता, तर तुमच्याकडच्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. आईंना दर तारखेला इंदापूरकडे नेण्याची गरज नाही.

एलआयसीचे पैसे भरपाईतून कापतील ही भीती सोडा. एसटी महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये आयुर्विम्याची रक्कम वजा करायची नाही असं ठरवलंय. आणि हे थोडं अवघड आहे, पण लिहिते. तुमच्या घरात कुणीतरी म्हणतंय की वहिनी तरुण आहेत, उद्या लग्न करतील, त्यांचं नाव अर्जात घालू नका. असं करू नका. पुनर्विवाह केला तरी विधवेचा हक्क जात नाही, मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितलंय. वहिनी, मुलं, आई, चौघांचा एकच अर्ज करा. वाटे कोर्ट पाडतं. मुलांचा हिस्सा सहसा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो. माझ्या मुलीच्या डिप्लोमाच्या फीसाठी मी कोर्टात अर्ज करून त्यातले पैसे काढले, मिळतात.

वकील 'जे मिळेल त्याच्या 25 टक्के' म्हणाला तर दुसरा बघा. निकालाच्या टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. लोकअदालतीत तडजोड वाईट नसते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वरचं गणित स्वतः मांडल्याशिवाय हो म्हणू नका. आणि पैसे नाहीत म्हणून अडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातही त्यांची समिती असते. वहिनींना घेऊन या सोमवारीच जा.

पंचनाम्याची प्रत हातात आली की मला मेसेज करा. त्यातला नकाशा कसा वाचायचा ते मी फोनवर समजावून सांगते.