बिटकॉइनचा नोड ६० टक्क्यांनंतर रखडलाय. इंटरनेट बदलू का?

नका बदलू. नोड म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची नोंद स्वतःकडे ठेवून तपासणारा प्रोग्रॅम, आणि सिंक म्हणजे त्या नोंदी अगदी सुरुवातीपासून डाउनलोड करून तपासणं. तुम्ही लिहिलंय की लिनक्स सर्व्हरला ४ जीबी रॅम आहे, २ टीबीची फिरती हार्ड डिस्क आहे, सेटिंग्ज मूळच्याच आहेत, आणि सुरुवातीला सुसाट धावलेला सिंक आता दिवसाला जेमतेम टक्काभर सरकतो. म्हणजे घोडं पेंड खातंय ते डिस्कपाशी.

पहिल्या काही वर्षांतले ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे, जवळजवळ रिकामे आहेत, म्हणून ते भराभर उरकतात. पुढचे ब्लॉक व्यवहारांनी भरलेले. प्रत्येक व्यवहारात वापरलेली नाणी खरोखर शिल्लक होती का, हे नोड स्वतःकडच्या यादीत शोधतो. ही यादी म्हणजे चेनस्टेट. आज ती १० जीबीच्या वर गेली आहे, आणि डीबीकॅश, म्हणजे तिच्यासाठी रॅममध्ये राखलेली जागा, बहुतेक आवृत्त्यांत मुळात फक्त ४५० एमबी. उरलेलं सगळं डिस्कच्या कानाकोपऱ्यातून वेचून आणावं लागतं, आणि फिरत्या डिस्कला नेमकं हेच जमत नाही. डिस्कवरचा ताण दाखवणारं आयओस्टॅट लावून बघा, डिस्क सतत १०० टक्क्यांच्या आसपास दिसेल. प्रोसेसरवर मात्र फारसा ताण नसेल, कारण जुन्या ब्लॉकांमधल्या सह्यांची तपासणी बिटकॉइन कोअर (नोडचा नेहमीचा प्रोग्रॅम) मुळातच वगळतं.

मी तुमच्या जागी असतो तर एक लहानशी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घेतली असती. मोठी डिस्क काढायची गरज नाही. नोड थांबवा. चेनस्टेट, ब्लॉक्सच्या आतलं इंडेक्स फोल्डर आणि बाकी किरकोळ फायली एसएसडीवर न्या. ब्लॉकांच्या अवजड डॅट फायली आहेत तिथेच राहू द्या. मग सेटिंग्जमध्ये डेटाडिर (नोडच्या डेटाचा पत्ता) एसएसडीकडे आणि ब्लॉक्सडिर (ब्लॉकांच्या फायलींचा पत्ता) जुन्या फोल्डरकडे वळवा. झालेला सिंक वाया जात नाही. सिंक होईपर्यंत डीबीकॅश २००० एमबी करा, त्यापुढे नको. रॅम संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) नोडलाच ठार करतो.

प्रून लावा, म्हणजे तपासून झालेले जुने ब्लॉक पुसत जा, असंही कुणीतरी सुचवेल. ब्लॉकांसाठी किमान ५५० एमबी दिली तरी नोड चालतो आणि तपासणीही पूर्ण करतो, पण टीएक्सइंडेक्स (कोणताही जुना व्यवहार शोधून देणारी सूची) मिळत नाही आणि इतरांना जुने ब्लॉक देता येत नाहीत. शिवाय तुमची अडचण जागेची नाहीच.

आणखी एक शंका आहे. मध्येच सर्व्हर रीस्टार्ट केलात का? बंद होताना नोड कॅशमधलं सगळं डिस्कवर उतरवतो, त्याला काही मिनिटं लागतात. लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणारं सिस्टमडी मात्र साधारण ९० सेकंद वाट बघतं आणि प्रोसेस मारून टाकतं. मग मागच्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात, आणि नशीब खराब असेल तर डेटाबेसच बिघडतो. सर्व्हिस फाइलमध्ये थांबण्याची मुदत ६०० सेकंद करा. डेटाबेस बिघडलाच तर फक्त चेनस्टेटचा रीइंडेक्स (नव्याने बांधणी) करा, ब्लॉक पुन्हा डाउनलोड करावे लागणार नाहीत.

आरपीसीचा, म्हणजे नोडला आज्ञा देण्याचा, ८३३२ पोर्ट बाहेर उघडा ठेवू नका, विशेषतः त्याच नोडवर वॉलेट असेल तर. ८३३३ उघडलात तर इतर नोड तुमच्याशी जोडले जातील. नाही उघडला तरी तुमचा नोड स्वतःहून जोडण्या करतो आणि व्यवस्थित चालतो. मोबदला दोन्हीकडे शून्य, तो फक्त मायनिंगला, म्हणजे नवे ब्लॉक बनवण्याला, मिळतो.