माल उतरताना पेन हातात असू दे

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले टॉवेल कारखान्याचे कागद काल रात्री दोनदा वाचले. फोनवर तू म्हणालीस, "काका, उशीर आपणच केला, मग पुण्याच्या पार्टीने पैसे कापले तर कोणत्या तोंडाने बोलायचं?" त्या वाक्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. उशीर झाला हे कबूल करतेस, हा तुझा प्रामाणिकपणा आहे, तो सोडू नकोस. पण उशीर झाला म्हणून समोरचा सांगेल तो आकडा देणं लागतं, असं कायदा कुठेही म्हणत नाही. तो तीन गोष्टी विचारतो: किती उशीर झाला, त्याने कुणाचं काय बुडालं आणि तारीख उलटल्यावर दोघांनी एकमेकांना काय कळवलं. सोलापुरातल्या कारखानदाराकडे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तयार असतात. तिसऱ्याला तो गप्प होतो.

आधी सुताच्या चलनाबद्दल, म्हणजे माल मिळाल्याच्या कागदाबद्दल लिहितो, कारण मनाला तेच जास्त लागलं. बाबांनी नोव्हेंबरमध्ये सूत व्यापाऱ्याला पत्र दिलं होतं: सूत ५ डिसेंबरपर्यंत पोचलंच पाहिजे, नाही तर ऑर्डर रद्द समजावी. पत्र उत्तम आहे. सूत आलं १९ तारखेला. चलनाच्या तळाशी बाबांची सही आणि वर त्यांच्या वळणदार अक्षरात दोनच शब्द, "माल मिळाला". ती संध्याकाळ मला समोर दिसते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दाराशी टेम्पो लागलाय, चौदा दिवस निम्मे माग बंद आहेत, विणकर उंबऱ्यात उभे आहेत, हमाल सुताच्या बॅगा खाली घेतायत. अशा वेळी माणसाला हायसं वाटतं आणि तो सही करून मोकळा होतो. त्याच सहीने बाबांचा हक्क जायची वेळ आली आहे.

भारतीय करार कायदा १८७२चा. त्याचं कलम ५५ तू स्वतः शांतपणे वाच, मोठं नाही. दोघांच्या मनात मुदत हेच कराराचं सार असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ज्याला माल हवा होता तो करार रद्द करू शकतो. मुदत इतकी महत्त्वाची नसेल तर करार रद्द करता येत नाही, फक्त उशिराने झालेलं नुकसान मागता येतं. तिसरा भाग सहसा कुणी वाचत नाही. करार रद्द करायचा अधिकार असूनही तुम्ही उशिराचा माल ठेवून घेतलात, तर नुकसानभरपाई मागता येत नाही. घेतानाच "मी भरपाई मागणार आहे" असं समोरच्याला कळवलं असेल, तरच मागता येते.

नीट बघ, बाळ. बाबांनी पत्रात "नाही तर ऑर्डर रद्द" असं कडक लिहिलं, म्हणून ते स्वतःला सुरक्षित समजत होते. पण मुदत जितकी कडक, तितकी माल घेतानाची मुकी सही महाग पडते. चलनावर एवढी एक ओळ हवी होती: "माल १४ दिवस उशिरा मिळाला. उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क राखून स्वीकारला." खाली सही, तारीख, वेळ, आणि त्याचा फोटो व्यापाऱ्याला त्याच संध्याकाळी. मुदत कडक असो वा सैल, ही ओळ लिहायचीच. कोणता करार कोणत्या प्रकारात बसतो हे कोर्ट पुढे ठरवेल, तुला दारात उभं राहून ठरवायचं नाही.

बाबा म्हणतील, तीस वर्षांचा व्यवहार आहे, असं लिहून दिलं तर संबंध तुटतील. हे मी आयुष्यभर ऐकत आलो. माझा अनुभव उलटा आहे. त्या दिवशी लिहिलेल्या एका ओळीने संबंध तुटलेला मी पाहिला नाही. सहा महिन्यांनी अचानक धाडलेल्या नोटिशीने तुटलेले पुष्कळ पाहिले. वकिली सुरू करून दुसरंच वर्ष होतं, तेव्हा साखर पेठेतल्या एका अशिलाला मी तोंडी सांगितलं, माल घ्या पण लिहून द्या. मसुदा हातात दिला नाही. त्याने माल घेतला, लिहिलं काही नाही. उलटतपासणीत त्याला एकच प्रश्न आला, "माल घेताना तक्रार केली होती का?" त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर आजही आठवते. तेव्हापासून मी सल्ला कागदावर देतो, तुलाही तसाच देतोय.

नुकसानीचं कलम ७३. त्याच्याखाली दिलेलं एक उदाहरण जणू आपल्या गावासाठी लिहिलंय. एका गिरणीवाल्याने वाहतूकदाराकडे यंत्र सोपवलं आणि सांगितलं की यंत्राविना गिरणी बंद आहे. वाहतूकदाराने विनाकारण उशीर केला. त्यात गिरणीवाल्याचं सरकारी कामाचं किफायतशीर कंत्राटही गेलं. कायदा म्हणतो, तेवढे दिवस गिरणी चालली असती तर जो सरासरी नफा झाला असता तो मिळेल. गेलेल्या सरकारी कंत्राटाचं नुकसान मिळणार नाही. कारण वाहतूकदाराला बंद गिरणी माहीत होती, त्या कंत्राटाबद्दल कुणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी सुताच्या ऑर्डरमध्येच लिही: हे सूत ३,००० टॉवेलच्या अमुक ऑर्डरसाठी आहे, ती अमुक तारखेला पोचवायची आहे, उशीर झाल्यास अमुक टक्के कपात होते. करार करताना समोरच्याला जे माहीत असतं, त्याचीच जबाबदारी त्याच्यावर टाकता येते.

त्याच कलमाच्या स्पष्टीकरणाप्रमाणे नुकसान टाळायचे जे मार्ग हाताशी होते, तेही कोर्ट बघतं. ते चौदा दिवस दुसरीकडून सूत घ्यायचा प्रयत्न केला होता का? केला असेल तर भाव विचारल्याचे मेसेज काढून ठेव.

आता पुण्याची पार्टी. एकूण माल ३,००० टॉवेल, २२० रुपये दराने ६,६०,००० रुपयांचा. मुदत १० जानेवारी, माल पोचला २७ला. ऑर्डरमध्ये एकीकडे "मुदत हे कराराचे सार" असं छापलंय आणि दुसरीकडे "उशीर झाल्यास दर पूर्ण वा अपूर्ण आठवड्यास १ टक्का, जास्तीत जास्त ५ टक्के कपात". ही दोन वाक्यं एकत्र नांदत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात हेच पाहिलं. नाशिकच्या डाव्या कालव्यावर, आळंदी नदीवरून पाणी नेणारा पूल बांधायचं काम बारा महिन्यांत पुरं व्हायचं होतं. झालं नाही म्हणून सरकारने कंत्राट रद्द केलं. न्यायालय म्हणालं, मुदत वाढवून द्यायची आणि उशिराबद्दल दंडाची कलमं करारात असतील, तर मुदत हे सार असल्याचं नुसतं लिहून भागत नाही. रद्द करणं बेकायदा ठरलं.

याचा तुला फायदा आहे आणि तोटाही. फायदा असा की उशीर झाला म्हणून पुणेवाला ऑर्डरच उडवू शकला नसता. तोटा असा की करार रद्द करण्याजोगा नसेल, तर "माल गुपचूप घेतला, आता भरपाई नाही" हे कलम ५५चं बोट त्याच्यावर रोखता येत नाही. बाबांचं मौन बाबांना नडलं. त्याचं मौन त्याला तसं नडणार नाही. हे तुला आवडणार नाही, तरी आत्ताच सांगतो.

पण ५ टक्के कुठून आले? ८ जानेवारीला तू व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर मागितलास, त्याचं उत्तर आलं, "ओके, पण १७ च्या पुढे नको." कलम ६३प्रमाणे मुदत अशी वाढवून देता येते आणि त्यासाठी वेगळा मोबदला लागत नाही. वाढवताना त्याने पहिल्या आठवड्याची कपात राखून ठेवली नाही. मी तरी उशीर १७पासूनच मोजायचा असंच मांडेन. १७ ते २७ म्हणजे दहा दिवस, एक पूर्ण आणि एक अपूर्ण आठवडा, २ टक्के, १३,२०० रुपये. त्याने कापलेत ३३,०००. शिवाय कलम ७४प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे, त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई. कैलाशनाथ असोसिएट्सच्या २०१५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुकसान किंवा हानी झालेली असणं हाच या कलमाचा पाया आहे. तेव्हा दहा दिवसांनी काय बुडालं ते त्याला नम्रपणे, लेखी विचार.

वाढवून घेतलेली तारीख मात्र हलक्यात घेऊ नकोस. कलकत्ता उच्च न्यायालयातला १९१५चा भूद्र चंद विरुद्ध बेट्स हा जुना खटला आहे. रानहत्ती पकडायच्या मोहिमेसाठी (तिला 'खेडा' म्हणतात) एकाने दुसऱ्याचा हत्ती भाड्याने ठरवला, १ ऑक्टोबर १९१०ला मिळायचा होता. मालकाने ६ तारखेपर्यंत मुदत मागितली, ती मिळाली. हत्ती आला ११ला. घेणाऱ्याने तो परत लावला आणि भरपाई मागितली, न्यायालयाने ती दिली. मालकाला मुदत मागावी लागली, यावरूनच तारखेचं महत्त्व दोघांनाही ठाऊक होतं हे दिसलं. तूही १७ मागून घेतलीस आणि २७ला माल दिलास, हे विसरू नकोस.

"सूत उशिरा आलं, त्यात गड्ड्याच्या यात्रेत कामगार आले नाहीत" हे पुण्याला लिहू नकोस. कलम ५६ची सुटका काम अशक्य किंवा बेकायदा झालं तरच असते. सिद्धेश्वरांची यात्रा दर संक्रांतीला असते, हे सोलापुरातल्या लहान पोरालाही माहीत आहे. यापुढे जानेवारीची मुदत देताना ते आठ दिवस आधीच वजा करून तारीख दे.

राहिलेल्या बिलाचं बघ. त्याने ऑर्डरमध्ये ६० दिवस लिहिलेत. तुझ्या कारखान्याची लघुउद्योग म्हणून सरकारी 'उद्यम' नोंदणी आधीपासून आहे, त्यामुळे छोट्या उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे पैसे थांबवता येत नाहीत, करारात काहीही लिहिलेलं असो. २७ जानेवारीपासून ते १३ मार्चला पुरे होतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढतं. पत्रात हे एका ओळीत लिही, धमकी नको. आणि चॅट पुसू नकोस, फोन बदलूही नकोस. पुढेमागे ते पुराव्यात द्यावं लागलं तर प्रमाणपत्र जोडावं लागतं.

सुताच्या व्यापाऱ्यावर दावा करायला कायद्याने तीन वर्षं आहेत, घाई नाही. तो हक्क गेलाच, असंही मी अजून म्हणत नाही. तू पाठवलेल्या फोटोत चलनाच्या मागच्या बाजूची पेन्सिल पुढे उमटलेली दिसते. मी फोटो मोठा करून पाहिला: "१४ दि. लेट", आणि पुढे "फोन" असं काहीसं. अक्षर दिवाणजींचं वाटतं. कलम ५५ सूचना मागतं, ती लेखीच असावी असं त्यात म्हटलेलं नाही. उद्या कारखाना उघडल्यावर आधी त्यांना विचार, १९ डिसेंबरच्या संध्याकाळी व्यापाऱ्याला फोन कुणी केला, कोणत्या नंबरवरून, आणि नेमकं काय बोलणं झालं. मग चलन दोन्ही बाजूंनी स्कॅन करून पाठव.

तुझे,
काका