'शिक की, कोण नको म्हणतंय?' पण बाळाला कोण घेणार?

परवा एका ताईंचा मेसेज आला. वय 22, बाळ 11 महिन्यांचं, बारावी अर्धवट राहिलेली. लिहिलंय की पुस्तक उघडलं की बाळ रडायला लागतं आणि मग मलाच वाटतं मी कसली आई, एवढ्याशा लेकराला बाजूला ठेवून स्वतःचं बघतेय. हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, कुणी म्हणतं वय गेलं, कुणी म्हणतं डोकंच चालत नाही आता, पण आतलं दुखणं एकच. म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एकीची जुनी केस सांगते. तिला विचारूनच लिहितेय, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. आपण तिला मीरा म्हणू.

मीरा मूळची बीडकडची. दहावीला 71 टक्के, अकरावी पास, बारावीला कॉलेजात नाव घातलं आणि तेवढ्यात लग्न ठरलं, अठरा पूर्ण झाले आणि महिन्याभरात हळद लागली. वडिलांनी शब्द घेतला होता की पोरगी पुढं शिकेल, सासरच्यांनी दिलाही होता. असे शब्द मांडवात सगळेच देतात. नवरा भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होता. बाळ 5 महिन्यांचं असताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. ठेकेदाराकडून लागलेला, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड निघालेलंच नव्हतं, दवाखान्याचं बिल मालकाने भरलं आणि विषय संपवला. चार महिने तो घरी. त्या चार महिन्यांत मीराने रबराचे पार्ट घरी आणून ट्रिम करायचं काम धरलं, किलोवर पैसे. बाळाला मांडीवर पाजत पाजत एका हाताने पार्ट चाळायचे. तेव्हाच तिच्या डोक्यात बसलं की उद्या काही झालं तर माझ्या हातात काय आहे? नर्स व्हायचं होतं तिला लहानपणापासून.

माझ्याकडे आली तेव्हा बाळ 14 महिन्यांचं होतं. नवरा परत कामाला लागला होता, पण हेल्पर म्हणून, कमी पगारात. आल्या आल्या ती म्हणाली, "मॅडम, घरचे चांगलेत, आमचे हे म्हणतात शिक की, आत्याबाईपण, म्हणजे सासूबाई, काही आडवं बोलत नाहीत. मीच कमी पडतेय. वाचलेलं काहीच राहत नाही. माझं डोकं गेलंय." आणि रडली.

आता इथे खूप जण लगेच मोटिव्हेशन सुरू करतात. मीही नवीन असताना करायचे. खरं सांगते, मीराला पण मी एक उदाहरण दिलंच, पंडिता रमाबाईंचं, की 1882 मध्ये नवरा गेला आणि पुढच्याच वर्षी दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन बाई इंग्लंडला शिकायला गेल्या. मीरा शांतपणे ऐकून म्हणाली, "त्यांच्या घरी सासू नव्हती ना मॅडम." मला हसूच आलं, ती पण हसली, आणि मी मनात म्हटलं बरोबर आहे बाई तुझं. थकलेल्या बाईला थोर उदाहरण दिलं की तिला अजूनच बारकं वाटतं. तेव्हापासून मी ते बंद केलं.

मग मी दोन कामं सांगितली. एक, रक्त तपासून ये. दोन, कालचा दिवस कागदावर लिही, पहाटेपासून झोपेपर्यंत, जसा गेला तसा. कसा जायला पाहिजे होता ते नको.

रक्ताचं का, तर 'डोकं चालत नाही' हे मी ऐकते तेव्हा आधी शरीर बघते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघालाय, त्यात ही अंगावर पाजणारी आणि रात्री तीनदा उठणारी. तिचं हिमोग्लोबिन 8.4 आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात त्याच, आणि गोळीवर लगेच चहा प्यायचा नाही हे बजावलं कारण ती नेमकी चहासोबतच गोळी घ्यायची. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी 10 प्रश्नांची एक प्रश्नावली असते, ती पण भरून घेतली, त्यात तसं काही निघालं नाही. पण तुमच्यापैकी कुणाला आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, बाळाला घ्यावंसं वाटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर अभ्यास-बिभ्यास राहू दे बाजूला, आधी डॉक्टर गाठा, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

दुसरा कागद मात्र खरा बोलका निघाला. पिंपरी-चिंचवडला 2019 पासून पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे तिचे दिवसच दोन प्रकारचे होते, पाण्याचा दिवस आणि बिनपाण्याचा. पाण्याच्या दिवशी पहाटेपासून पिंपं, हंडे, बादल्या, मग आदल्या दिवशीचे पण कपडे. डबा, बाळ, रबराचे पार्ट, परत स्वयंपाक. अभ्यासाची वेळ लिहिली होती रात्री 10 ते 12. मी विचारलं, काल दहाला काय झालं? म्हणाली, पुस्तक उघडलं आणि तिथंच झोप लागली. परवा? तेच. मग मी तिला तोच कागद उलटा धरून दाखवला, म्हटलं यात मला एक तास दाखव जेव्हा बाळ तुझ्या अंगावर नाहीये आणि तू जागी आहेस. तिने बराच वेळ बोट फिरवलं. नव्हताच.

म्हणजे परवानगी मिळाली होती, वेळ कुणीच दिला नव्हता. आणि हे मी इतक्या घरांत बघितलंय ना. 'शिक की, कोण नको म्हणतंय' म्हणायला काहीच लागत नाही, एक रुपया नाही की एक मिनिट नाही. आणि मग जमलं नाही की बाई स्वतःलाच दोष देते, कारण नको तर कुणी म्हटलेलंच नसतं!

मी म्हटलं पुढच्या वेळी दोघांना घेऊन ये. सासूबाई आल्या, नवरा आला नाही.

सासूबाई मला वाटलं होतं त्यापेक्षा फार वेगळ्या निघाल्या. जन्मभर ऊसतोड केलेली बाई. नवरा-बायको मिळून एक कोयता, सहा-सहा महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचं. मला म्हणाल्या, "बाई, मी पोरं फडाच्या कडंला झोपवून मोळ्या बांधल्यात, माझं कुणी सांभाळलं न्हाई." यात राग होता आणि तो मीरावर नव्हता. मी काही समजावायला गेले नाही, विचारलं फक्त की मावशी, तेव्हा कुणी दोन तास पोर घेतलं असतं तर काय केलं असतं? त्या म्हणाल्या, "झोपले असते." मग आम्ही तिघी जरा वेळ काही बोललोच नाही. नंतर त्यांनीच सौदा केला, आपल्या अटींवर. दुपारी दीड ते साडेतीन पोर माझं, पण संध्याकाळी हरिपाठाच्या वेळेला मला कुणी हाक मारायची नाही. आणि गुडघे दुखतात, त्याला कडेवर घेऊन फिरणार नाही, झोळीत झोका देईन. मी ते तसंच्या तसं कागदावर लिहून घेतलं. घरातल्या गोष्टी लिहून घ्यायला लोकांना विचित्र वाटतं, पण तोंडी ठरलेलं पाहुणे आले की पहिलं मोडतं.

नवरा तिसऱ्या वेळी आला. रविवार तो घेणार असं ठरलं होतं आणि रविवारी तो सकाळीच बाहेर पडायचा. मीराचं म्हणणं, त्याला मनातून नकोच आहे माझं शिकणं. मला पण तसंच वाटायला लागलं होतं, कबूल करते. मी त्याला विचारलं, "दादा, बाळाला शेवटचं कधी उचललं तुम्ही?" तो गप्प. हात खिशात. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मॅडम, पकड नाही राहिली. निसटलं तर?" नऊ महिने त्या माणसाने स्वतःचं पोर उचललं नव्हतं आणि बायकोला कारण सांगितलं नव्हतं. मीरा त्याच्याकडे बघतच राहिली.

उपाय अगदी साधा निघाला, जमिनीवर बसायचं. उचलायचंच नाही. सतरंजी टाकायची, डबे, झाकणं, वाट्या समोर ठेवायच्या आणि दाराला अडसर लावायचा. पहिल्या रविवारी बाळ 40 मिनिटं रडलं, मीरा शेजारणीच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली आणि भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. तिचा मला फोन. मी म्हटलं बस तिथंच, बाप आहे तो, कुणी परका नाही.

आता तुमच्या गिल्टबद्दल, कारण ताई तुम्ही तेच विचारलंय. साधारण 10 ते 18 महिन्यांत मुलं आई नजरेआड झाली की सगळ्यात जास्त रडतात, ते वयच तसं असतं. तुम्ही अभ्यासाला गेलात काय आणि नळावर गेलात काय, ते रडणारच, फक्त नळावर गेल्याचं कुणाला गिल्ट येत नाही. बाळाला एकापेक्षा जास्त माणसांची सवय होणं चांगलंच आहे. एकच करा, गुपचूप सटकू नका. सांगून जा, मी येते, आणि ठरल्या वेळी खरंच या. सटकून गेलं की बाळ पुढच्या वेळी पदर सोडतच नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण बऱ्याच जणी तिथेच अडतात. मीराने 17 नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बोर्डाचा खाजगी विद्यार्थ्यांचा, आर्ट्समधून. शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला आणायला गावी गेली तर क्लार्क म्हणे, आता आठवण आली का. तिने ऐकून घेतलं आणि दाखला घेऊन आली, शाब्बास. मग नावाचा घोळ. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फॉर्मवर दाखल्यातलंच नाव टाकायचं असतं, सोबत लग्नाचा दाखला जवळ ठेवायचा. पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही, बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट आहेत. फॉर्मच्या तारखा मात्र दरवर्षी बोर्डाच्या साईटवर स्वतः बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मानू नका. आणि 17 नंबर नकोसा वाटला तर एनआयओएस आहे, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, त्यात 5 वर्षांत 9 संधी मिळतात, विषय सुटे सुटे काढता येतात, लहान बाळ असेल तर मला तो रस्ता जास्त बरा वाटतो. मीराने माझं ऐकलं नाही, तिला बोर्डाचंच सर्टिफिकेट पाहिजे होतं.

अभ्यास ती दुपारी दोन तास करायची आणि बाकी भाकरी थापताना. म्हणजे दुपारी वाचलेलं संध्याकाळी मोठ्याने सांगायचं, पुस्तक न बघता. सासूबाईंना अर्थशास्त्रातला मागणीचा नियम पाठ झाला, महागलं की कमी घेतात, त्यात शिकायचं काय म्हणायच्या.

फेब्रुवारीत परीक्षा. इंग्रजीच्या आदल्या रात्री बाळाला ताप. पहाटेपर्यंत जागी, अकराला पेपर. बाकी सगळे विषय निघाले आणि इंग्रजीत गेली. निकालाच्या दिवशी तिने फोनच बंद ठेवला, आणि मला पण दोन दिवस वाटत राहिलं की एनआयओएसचा आग्रह धरायला हवा होता का. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला, "मॅडम, पुरवणीचा फॉर्म कधी सुटतो?" तिचा नाही, त्याचा. पुरवणीला ती इंग्रजीत 41 घेऊन सुटली.

नर्सिंगचं अजून झालेलं नाही. जीएनएम म्हणजे बारावीनंतरचा नर्सिंग डिप्लोमा, 3 वर्षांचा फुल टाइम कोर्स, वॉर्डातल्या शिफ्ट असतात, आणि बाळ तेव्हा अंगणवाडीत बसवायच्या वयाचं पण नव्हतं, तिथे तीन वर्षं पूर्ण लागतात. प्रवेशाला वय 35 पर्यंत चालतं, तेव्हा घाई नाही असं मी म्हटलं. ती म्हणाली घाई आहे. आमचं यावर अजून एकमत नाहीये. सध्या ती एका दवाखान्यात सकाळी रिसेप्शनला बसते आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. रबराचे पार्ट बंद झालेत. रविवारची सतरंजी चालू आहे, पोरगा आता तीन वर्षांचा होईल, तो बापाच्या हाताला धरून उभा राहतो, त्यामुळे उचलायचा प्रश्नच राहिला नाही.

तर ताई, तुम्ही अभ्यासाचं टाईमटेबल मागितलंय ते मी आत्ता देणार नाही. कालचा दिवस लिहून पाठवा, जसा गेला तसा, खाडाखोड चालेल. पाणी किती वाजता येतं ते लिहा, बाळ रात्री किती वेळा उठतं ते लिहा, घरात कोण कोण किती वाजता असतं ते पण लिहा. आणि रक्त तपासून घ्या.