गूगल जाहिरातीची बोली वाढवली, तरी जाहिरात खालीच?

भाऊ, आधी बोलीला (एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्याल त्या रकमेला) हात लावू नका. गूगल जागा देतं ती अ‍ॅड रँकवर, म्हणजे जाहिरातीच्या एकूण गुणांवर, बोली हा त्यातला एक भाग. ढोबळ हिशेब बघा: नागपूरच्या धरमपेठेतल्या कूलर दुरुस्तीवाल्याची बोली ४० रुपये, दर्जा (क्वालिटी स्कोअर) ४, गुणाकार १६०. तुमची २५, दर्जा ८, गुणाकार २००. तुम्ही वर. आणि क्लिकला २५ नाही, १६० भागिले ८, म्हणजे २० च्या जरासे वर लागतील. (खरं गणित दर शोधाला होणाऱ्या जाहिरातींच्या लिलावात बदलतं, शोधणाऱ्याचा फोन, ठिकाण, वेळ सगळं त्यात येतं.)

क्वालिटी स्कोअर ३-४ वर अडकला असेल तर लँडिंग पेज, म्हणजे क्लिकनंतर उघडणारं पान, तपासा. जाहिरातीत 'कूलर दुरुस्ती' आणि क्लिक केल्यावर फ्रिज-गीझर सगळ्यांचं होमपेज, ही नेहमीची चूक.

रिपोर्टमध्ये 'सरासरी स्थान' शोधत बसू नका, तो आकडा गूगलने २०१९ मध्येच काढला. रँकमुळे गेलेला इम्प्रेशन शेअर बघा, म्हणजे जाहिरात दिसू शकली असती त्यातल्या किती टक्के वेळा रँक कमी पडल्याने दिसली नाही ते. तो मोठा असेल तरच मॅन्युअल (स्वतः ठरवलेली) बोली १०-१५ टक्के वाढवा अन् आठवडाभर थांबा. बजेटमुळे जात असेल तर बोली वाढवून पैसे दुपारीच संपतील, ऐन मे महिन्यात!

लोकेशन सेटिंगमध्ये (जाहिरात कुठल्या लोकांना दाखवायची ते) फक्त नागपुरात असलेले लोक ठेवा. नाहीतर पुण्यात बसून नागपूर शोधणाऱ्याचा क्लिकही तुमच्याच माथी.